लाखेच्या रेकॉर्डचं ट्रान्सफर: सुई कोणती लावायची, वेग किती ठेवायचा

अठ्ठ्याहत्तरची, म्हणजे मिनिटाला साधारण ७८ फेरे घेणारी लाखेची जुनी रेकॉर्ड संगणकावर उतरवताना सुईची जाडी आणि फिरण्याचा वेग हे दोन निर्णय सुरुवातीलाच घ्यावे लागतात. त्यातला वेग थोडा चुकला तर नंतर दुरुस्त होतो. चुकीच्या सुईने उचललेला आवाज मात्र तसाच राहतो. झिजलेल्या खाचेतून आलेली फाटकी किनार कुठलंही सॉफ्टवेअर पुरती काढून देत नाही, आणि काढायला गेलं की गाण्यातली चमकही सोबत जाते. म्हणून वेळ थोडा असेल तर तो आधी सुईवर घालवावा.

आधी हातात काय आहे ते पाहा

काळी, जड, दहा किंवा बारा इंची तबकडी लाखेचीच असेल असं नाही. मधल्या भोकाच्या कडेला उजेड धरून पाहा. आत ॲल्युमिनियमची चकाकी दिसली, तर ती लॅकरचा थर दिलेली, थेट कापलेली तबकडी आहे. तिची प्रत बहुधा एकच असते आणि थर पोपडे धरून सुटत असतो. ती बाजूला ठेवा, तिच्यावर सुयांचे प्रयोग करू नका.

लाखेची असेल तर पुढचा प्रश्न असा की मुद्रण भोंग्यासमोर झालं की मायक्रोफोनसमोर. मायक्रोफोनचं, म्हणजे विद्युत मुद्रण १९२५ पासून सुरू झालं. लेबलवर वर्ष क्वचितच असतं, तेव्हा लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (कंपनीने त्या मुद्रणाला दिलेला क्रमांक) भिंगाखाली वाचा. ग्रामोफोन कंपनीच्या म्हणजे एचएमव्ही घराण्याच्या रेकॉर्डवर क्रमांकानंतर छोटा त्रिकोण असेल तर ते वेस्टर्न इलेक्ट्रिक पद्धतीचं विद्युत मुद्रण. चौकोन असेल तर १९३१ नंतर आलेली कंपनीची स्वतःची पद्धत. कोलंबियाच्या रेकॉर्डवर वर्तुळातलं डब्ल्यू अक्षर आणि व्हिक्टरच्या रेकॉर्डवर व्हीई ही अक्षरं हेच सांगतात. खूण नसेल आणि आवाज डबीतून आल्यासारखा, खर्जाचा तळ नसलेला असेल, तर बहुधा भोंग्याचं मुद्रण आहे.

तिसरी शक्यता उभ्या कापाची. एडिसनच्या डायमंड डिस्क जवळपास पाव इंच जाड असतात, आणि पाथेच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड आतून बाहेर वाजतात. यांत सुई डावी-उजवी न हलता वर-खाली हलते. त्यांची सुईही वेगळी, ते पुढे येईल.

धुणं

लाखेला अल्कोहोल चालत नाही, ते लाख विरघळवतं. एलपीसाठी (नंतरच्या, ३३⅓ फेऱ्यांच्या विनाइल तबकड्यांसाठी) मिळणाऱ्या बऱ्याच तयार द्रवांत अल्कोहोल असतं, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका. डिस्टिल्ड पाणी, लिटरभर पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळ. लेबल कोरडं ठेवा. कडेला चीर असेल किंवा आत पुठ्ठ्याचा गाभा असेल तर भिजवू नका, ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडी करा. एडिसनच्या डायमंड डिस्कला पाणी लावायचंच नाही, गाभा फुगतो. धुतल्यावर रात्रभर उभी ठेवून वाळू द्या. ओल्या खाचेतला गाळ सुईच्या टोकावर चिखल होऊन बसतो आणि मग कुठलीच चाचणी खरी ठरत नाही.

सुईचा आकडा म्हणजे काय

सुयांवर लिहिलेला २.५, ३.० असा आकडा म्हणजे टोकाच्या गोलाईची त्रिज्या, मिलमध्ये. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रोमीटर. एलपीची गोल सुई साधारण ०.७ मिल, म्हणजे १८ मायक्रोमीटर. लाखेच्या रेकॉर्डची खाच वरच्या तोंडाशी सुमारे १५० मायक्रोमीटर रुंद असते, एलपीच्या खाचेच्या अडीचपट ते तिप्पट. एलपीची सुई तिथे भिंतींना टेकतच नाही. ती तळाशी पडते, जिथे ऐंशी-नव्वद वर्षांची धूळ आणि झिजलेल्या पोलादी पिनांची पूड साचलेली आहे, आणि तिथे लडबडत राहते. मिळते ती खरखर आणि पातळ, फाटका आवाज.

नव्वद अंशाच्या खाचेत गोल टोक भिंतीला जिथे टेकतं, ती जागा त्रिज्येनुसार वर सरकते. २.५ मिलच्या सुईऐवजी ३.० मिलची लावली, तर टेकण्याची जागा सुमारे ९ मायक्रोमीटर वर जाते. एवढंसं अंतर, पण सगळा खेळ त्यातच आहे. जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी पिनेवर शंभर ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजन असे. लाखेच्या मिश्रणात दगडाची पूड मुद्दामच घातलेली असे, म्हणजे पीन घासून खाचेच्या आकाराला येईल. पीन घासली जात असताना खाचही घासली गेली, तीही एका ठरावीक उंचीच्या पट्ट्यात. आपल्याला त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली, जिथे मूळ भिंत शाबूत आहे तिथे टेकायचं आहे. एकच रेकॉर्ड एका सुईने भंगार वाटते आणि दुसऱ्या सुईने स्वच्छ, ते याच कारणाने.

म्हणूनच या कामासाठी टोक कापलेल्या लंबवर्तुळाकार सुया वापरतात. टोक बोथट कापल्यामुळे ती तळाला लागत नाही, आणि कडा बारीक असल्यामुळे वरच्या कंपनसंख्यांचे वळसे गोल सुईपेक्षा नीट गिरवते. साध्या गोल सुईचं एक चांगलं आहे: ती स्वस्त, टिकाऊ आणि लावण्यातल्या लहानसहान चुका सोसणारी असते.

सुरुवात कुठून करायची

खालचे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. अंतिम निर्णय कानाने.

भोंग्याच्या काळातल्या, १९२५ पूर्वीच्या रेकॉर्ड: ३.० ते ३.५ मिल, काही अगदी जुन्यांना ३.८ किंवा ४.० सुद्धा.
१९२५ ते साधारण १९४० ची विद्युत मुद्रणं: २.८ मिल, मग ३.०.
१९४० नंतरच्या आणि पन्नाशीतल्या रेकॉर्ड: २.५, मग २.३.
रेडिओसाठी काढलेल्या मोठ्या ट्रान्स्क्रिप्शन तबकड्या: २.० ते २.३.
एडिसन डायमंड डिस्क: ३.७ मिल, गोल.
पाथेची उभ्या कापाची रेकॉर्ड: ८ मिलच्या आसपासची मोठी गोल सुई.

एकच सुई घ्यायची असेल तर २.८ घ्या. तीन घेता येत असतील तर २.३, २.८ आणि ३.५. अर्ध्या-पाऊण मिलच्या टप्प्याने हा संच बऱ्याचशा संग्रहाला पुरतो. दोन बनवणाऱ्यांच्या ‘२.८’ मध्ये टोक किती कापलंय यावरून फरक असतो, तेव्हा इतरांनी सांगितलेला आकडा तुमच्या सुईला तंतोतंत लागू पडेलच असं नाही.

कार्ट्रिज आणि दाब

कार्ट्रिज म्हणजे सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणारी डबी. मजबूत, फार लवचीक नसलेली मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज घ्या, जिची सुई ओढून काढता आणि बदलता येते. बॉडी तीच ठेवून नुसती सुई बदलली की जुळवणी पुन्हा करावी लागत नाही, आणि दोन सुयांची तुलनाही प्रामाणिक राहते. स्टँटन ५०० आणि शुअर एम४४ या जुन्या बॉडी याच कारणासाठी या कामात वर्षानुवर्षं वापरात आहेत. नव्यात ऑडिओ-टेक्निकाची एटी-व्हीएम९५एसपी ३ मिलच्या गोल सुईची असून साधारण ५ ग्रॅम दाब मागते. ऑर्टोफॉनच्या २एम ७८ ची सुई ६५ मायक्रोमीटरची.

दाब ३ ते ५ ग्रॅममध्ये ठेवा, सुईच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेत आणि शक्यतो वरच्या बाजूला. हलका दाब म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा समज इथे उलटा पडतो. कमी दाबाने सुई मोठ्या आवाजाच्या जागी भिंत सोडते आणि परत आदळते, त्याने खाच जास्त खराब होते. लाखेच्या तबकड्या एलपीपेक्षा जाड असल्यामुळे टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीची) उंची मिलिमीटरभर वाढवावी लागते. आर्म वाजताना तबकडीला समांतर दिसला की पुरे.

सुईची चाचणी

१. बाजूच्या शेवटच्या तृतीयांशातला वीस-तीस सेकंदांचा, आवाज चढलेला तुकडा निवडा. तार सप्तकातली लांब तान किंवा वाद्यमेळाचा जोर असेल तर उत्तम. शेवटचा भाग यासाठी की पोलादी पीन बाजू संपेपर्यंत झिजून चपटी झालेली असे, आणि तिचे खांदे आतल्या खाचांना जास्त कापत. शिवाय आत वेग कमी, त्यामुळे वळसे दाट.

२. अंदाजाची सुई लावून तो तुकडा स्टिरिओमध्ये रेकॉर्ड करा. मग एक आकार मोठी, एक आकार लहान. गेन आणि दाब बदलू नका. प्रत्येक वेळी सुईचं टोक कोरड्या ब्रशने मागून पुढे झाडा. लाखेवर एका बाजूतच टोकाला काळी लव चिकटते.

३. तिन्ही तुकडे मोनो करा आणि गाण्याची पातळी सारखी आणा. हे टाळू नका. जो तुकडा जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.

४. हेडफोनने ऐका. आधी खरखर सोडून द्या आणि चढ्या स्वरांची किनार ऐका: ‘स’, ‘श’ फाटतात का, व्हायोलिन किंवा सनई चिरकते का, मोठ्या आवाजावर घशात अडकल्यासारखी घरघर येते का.

५. मग डावी आणि उजवी वाहिनी वेगवेगळी ऐका. बऱ्याचदा एक भिंत दुसरीपेक्षा साफ असते.

दोन सुयांमध्ये एक कमी खरखरीची आणि दुसरी कमी फाटणारी असेल, तर कमी फाटणारी घ्या. टकटक आणि सततची खसखस नंतर बऱ्यापैकी कमी करता येते, फाटलेला स्वर शिवता येत नाही. ही निवड ऐकताना जड जाते, कारण शांत पार्श्वभूमी कानाला लगेच भुलवते.

लक्षणं ओळखायची तर अशी. सुई लहान असेल तर सततची जाडसर खरखर येते, सुई आडवी सरकू पाहते, आवाज पोकळ होतो. मोठी असेल तर वरच्या कंपनसंख्या बोथट होतात, मोठ्या आवाजाला सुई खाच सोडते, आणि भिंतीच्या वरच्या कडेवरचे सगळे ओरखडे टकटक करत येतात. मधल्याच आकाराला घरघर आणि लहान-मोठ्या दोन्हींना कमी, असं झालं तर तुम्ही नेमके झिजेच्या पट्ट्यावर आहात. तिथून दूर जा, कोणत्या दिशेने ते रेकॉर्ड सांगेल.

वेग: ७८ ही फक्त सोय

विजेच्या मोटरीने वेग पक्का झाल्यावर ६० हर्ट्झच्या देशांत ७८.२६ आणि ५० हर्ट्झच्या देशांत ७७.९२ फेरे मिनिटाला हे आकडे रूढ झाले. दोहोंतला फरक साडेसात सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या तेरा-चौदाव्या भागाइतका. १९३० नंतरच्या रेकॉर्डला बहुतेक वेळा हे आकडे चालतात. त्याआधीचा कारभार सैल होता. मुद्रणयंत्र वजनाने किंवा स्प्रिंगने फिरे आणि वेग मुद्रण करणाऱ्याच्या हातात असे. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही सापडतं. एडिसनच्या डिस्क ८० ला, पाथेच्या जुन्या रेकॉर्ड ९० ते १०० च्या दरम्यान. लेबलवर ‘८०’ छापलं असेल तर ती सूचना म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको.

एका फेऱ्याची चूक म्हणजे सुमारे २२ सेंट, आणि साडेचार फेऱ्यांची चूक म्हणजे पुरा अर्धस्वर. काळी दोन पांढरी तीन होते ती इथे.

टर्नटेबलचा खरा वेग आधी मोजा. स्ट्रोबची चकती (रेघा छापलेली, विजेच्या दिव्याखाली वेग बरोबर असला की रेघा स्थिर दिसतात ती) वापरत असाल तर ५० हर्ट्झच्या विजेला ७७ रेघांचं वर्तुळ लागतं, ६० हर्ट्झला ९२ रेघांचं. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ९२ रेघा स्थिर दिसल्या तर तुमचा वेग ७८ नसून ६५ च्या आसपास आहे. आजच्या पुष्कळ एलईडी दिव्यांना विजेच्या लयीची लुकलुक नसते, त्यामुळे रेघा दिसतच नाहीत. अशा वेळी फोनमधलं फेरे मोजणारं ॲप तबकडीवर मधोमध ठेवून वापरा. मोजमाप सुई खाचेत टेकलेली असताना घ्या. हलक्या बेल्टच्या टर्नटेबलवर पाच ग्रॅमच्या ओढीनेही वेग उतरतो. फोन ठेवल्यावर सुई टेकवायला जागा राहत नसेल तर स्ट्रोबच बरा.

स्वरावरून वेग काढणं

सूत्र साधं आहे: खरा वेग = वाजवलेला वेग × अपेक्षित कंपनसंख्या ÷ ऐकू आलेली कंपनसंख्या. समजा ७८.२६ ला वाजवताना पियानोचा एक स्वर ४५७ हर्ट्झ मोजला आणि तो ४४० चा ए (पाश्चात्त्य सप्तकातला स्वर) असायला हवा, तर खरा वेग ७५.३५. पण तोच स्वर मुळात अर्धस्वर वरचा असेल तर वेग ७९.८ निघतो, खालचा असेल तर ७१.१. तिन्ही आकडे त्या काळाला शक्य आहेत. म्हणून रचनेची मूळ पट्टी कळल्याशिवाय नुसता ट्यूनर काही सांगत नाही. छापील स्वरलिपी किंवा वाद्याची मर्यादा बघा. एखाद्या वाद्याचा सर्वांत खालचा स्वर त्याच्या आवाक्याखाली गेला, तर तो वेग बाद.

शिवाय ए नेहमी ४४० नव्हता. ४४० ची शिफारस १९३९ च्या लंडन परिषदेतली. त्याआधी फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ होता, आणि ब्रिटिश ब्रासबँड ४५२ च्या जवळपासच्या उंच पट्टीत वाजत. ४३५ आणि ४४० मध्ये २० सेंटचा फरक, म्हणजे जवळजवळ एक फेरा.

हिंदुस्थानी गायनाच्या रेकॉर्डला षड्ज ठरलेला नसल्याने हा मार्ग अर्धाच चालतो. साथीला हार्मोनियम असेल तर तिच्या पट्ट्या अर्धस्वरांनी बांधलेल्या असल्याने षड्ज कुठल्या तरी पट्टीवर बसायला हवा. दोन पट्ट्यांच्या मधोमध आला तर वेग बहुधा चुकलाय, किंवा ती हार्मोनियमच वेगळी मिळवलेली आहे. नुसती सारंगी असेल तर तेवढाही आधार नाही. त्यापेक्षा भरवशाचा मार्ग म्हणजे लगतचे मॅट्रिक्स क्रमांक. एका बैठकीत काढलेल्या रेकॉर्डचा वेग सहसा एकच असतो, त्यामुळे चार रेकॉर्डवर एकत्र बसणारा वेग एकट्या रेकॉर्डवरच्या तर्कापेक्षा पक्का. काही जुन्या रेकॉर्डच्या शेवटी कलावंत स्वतःचं नाव सांगतात. गौहरजानच्या रेकॉर्ड त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. बोलण्यातले स्वर वेग चुकला की कार्टूनसारखे किंवा घोगरे होतात, आणि हे कान गाण्यापेक्षा बोलण्यात लवकर पकडतो.

शेवटी बाजूच्या सुरुवातीचा आणि अखेरचा षड्ज ताडून पाहा. मुद्रणाच्या वेळी यंत्र हळू होत गेलं असेल तर आज स्थिर वेगाला स्वर चढत जातो. ३० सेंटची चढण म्हणजे पावणेदोन टक्के. ही दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये वेग हळूहळू उतरवत नेऊन करावी, पण साथीला पियानो किंवा हार्मोनियम असेल तरच. बिनसाथीचा गायक स्वतःच चढू शकतो.

रेकॉर्ड करताना

९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, वेव्ह फाइल. टकटकीची शिखरं गाण्याच्या खूप वर जातात, म्हणून गाणं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. आडव्या कापाच्या रेकॉर्डला दोन्ही वाहिन्या मिळवा, उभ्या कापाच्या रेकॉर्डला एक उलटी करून मिळवा. पण मूळ फाइल स्टिरिओच जपा. एक भिंत खराब असेल तर नंतर दुसरीच एकटी वापरता येते.

फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र) एलपीचा आरआयएए वक्र लावतो, जो वरच्या कंपनसंख्या दाबतो (१० किलोहर्ट्झला साधारण १३.७ डेसिबल) आणि खर्ज उचलतो. लाखेच्या रेकॉर्डला हा वक्र लागू नाही. वक्राशिवायचा प्रीॲम्प असेल तर तो वापरा, नसेल तर संगणकावर उलटा आरआयएए लावा. मग भोंग्याच्या रेकॉर्डला काहीच नको. विद्युत मुद्रणाला युरोपात साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या आणि अमेरिकेत ३०० ते ५०० हर्ट्झच्या खाली खर्ज उचला.

टर्नटेबलला ७८ चा वेग नसेल, किंवा वाकलेली, तडकलेली रेकॉर्ड सुई उडवत असेल, तर ४५ किंवा ३३⅓ ला वाजवा आणि संगणकावर वेग वाढवा: ७८.२६ साठी ४५ ला १.७३९ ने, ३३⅓ ला २.३४८ ने. इथे क्रम चुकवू नका. आरआयएए आधी उलटा करायचा, वेग नंतर वाढवायचा, खर्जाचा वक्र सगळ्यात शेवटी. वेग आधी वाढवला तर आरआयएए वक्राचं ५०० हर्ट्झचं वळण ३३⅓ वरून ११७० हर्ट्झच्या पुढे सरकतं आणि उलटा वक्र भलत्याच जागी बसतो. सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा आदेश निवडा, फक्त स्वर बदलणारा नको.

भोक मध्यावर नसेल तर सेकंदाला १.३ वेळा स्वर डोलतो. मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेलं भोक बाहेरच्या १०० मिलिमीटर त्रिज्येवर वेगात एक टक्का वर-खाली करतं, आत ५० मिलिमीटरवर दोन टक्के. भोक कोरू नका. तबकडी मधल्या दांड्याच्या वर येईल इतकं मॅट किंवा जुन्या रेकॉर्डचे थर खाली घाला, आणि आर्म डोलायचा थांबेपर्यंत तबकडी बोटाने हलकेच सरकवा.

फाइलच्या नावात किंवा सोबतच्या नोंदीत मॅट्रिक्स क्रमांक, सुईचा आकार आणि प्रकार, दाब, टर्नटेबलचा मोजलेला वेग, आणि नंतर लावलेला वेग हे पाच तपशील लिहा. वेगाचा अंदाज कशावरून केला, तेही एका ओळीत.